रात्रीची बेल का काढली?

मागच्या सोमवारपासून आपल्या गावातल्या लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दारावर पाटी लागली आहे. रात्री ९ नंतर पेशंट पाहिले जाणार नाहीत, अ‍ॅडमिट करण्याची सोय बंद. गेटजवळची बेलसुद्धा काढली. वायरची दोन टोकं तेवढी टेप लावून भिंतीला चिकटवलेली दिसतात.

दोन दिवस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे चाललंय ते तुम्हीही वाचलं असेल. "पैसा झाला, आता कशाला रात्री उठतील." "माज आला." एकाने तर त्यांच्या गाडीचा फोटो टाकला. मी गप्प बसणार होतो. पण या पाटीत माझाही थोडा हात आहे, म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

नाव लिहू नका असं डॉक्टर म्हणाले. गावाला सांगायची गरजही नाही.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे दोन तास बसलो. सरळ विचारलं, "डॉक्टर, कामाचा कंटाळा आला का?" ते म्हणाले, "कामाचा नाही भाऊ. काम अजून आवडतं." आणि मग बराच वेळ ते त्या आवडीबद्दलच बोलले. रात्री ११ ला आकडी आलेलं पोरगं येतं, डोळे फिरलेले, आई दारातच बसकण मारते. ताप उतरतो, आकडी थांबते, आणि सकाळी तेच पोरगं पलंगावर उभं राहून बिस्किट मागतं. "मोठ्या माणसांच्या डॉक्टरांना हे कमी मिळतं. बीपी-शुगरचा पेशंट बरा होत नाही, सांभाळावा लागतो. आमचा पेशंट दोन दिवसांत बरा होऊन आमच्याच टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढतो." त्यांनी लहानपणी पाहिलेल्या मुली आता स्वतःची बाळं घेऊन येतात. एकीने परवा विचारलं, "डॉक्टरकाका, मी पण एवढी रडायचे का?" हे सांगताना माणूस खुलला होता.

मग बिघडलं कुठे?

पहिली गोष्ट वेळेची. संध्याकाळी ५ ते ९ ओपीडी, पावसाळ्यात आणि थंडीत ८० पेशंट. गणित करा, एका मुलाला तीन मिनिटं. त्यात लहान मुलाचा पेशंट कधी एकटा येत नाही. आई, आजी, कधी मामा. पेशंट स्वतः काही सांगू शकत नाही आणि सांगणाऱ्या तिघांचं एकमेकांशी जमत नाही. सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, एवढी एकच गोष्ट आजीच्या गळी उतरवायची तर पंधरा मिनिटं जातात. बाहेर तोवर आरडाओरडा सुरू होतो. "मी जे शिकलो त्यातलं निम्मं काम बोलण्याचं आहे," ते म्हणाले, "आणि बोलायलाच वेळ नाही."

दुसरं म्हणजे औषध न देण्याचं काम. साधी सर्दी आठवड्यात आपोआप जाते. पण "काही नको, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका" असं सांगितलं की पालक खट्टू होतात. ३०० रुपये घेतले आणि बाटलीसुद्धा लिहून दिली नाही! बाहेर पडून दुसरीकडे जातात, तिथे सुई मिळते. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०२५ ला, छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याच्या विषारी औषधाने गेली. त्यातली कितीतरी नागपूरला उपचारासाठी आणली होती. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. ते लिहून देणाऱ्या तिथल्या बालरोगतज्ज्ञाला अटक झाली. दोष कुणाचा किती ते कोर्ट ठरवेल. त्याच सुमारास केंद्राने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची अशी औषधं देऊच नका आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळा. आमचे डॉक्टर हेच कितीतरी वर्षं सांगत होते आणि त्यापायी पेशंट गमावत होते. त्या महिन्यात मात्र घराघरांतून पिशवी भरून बाटल्या त्यांच्या टेबलावर आल्या, "ही चालेल का, ती चालेल का?" जी मंडळी बाटली लिहिली नाही म्हणून रुसली होती तीच. हे सांगताना ते हसले, पण फार नाही.

आता पैशाबद्दल. डॉक्टर गरीब नाहीत, मीही तसं म्हणत नाही. पण बालरोग हा फार कमाईचा विभाग नव्हे. ऑपरेशन नाही, मोठी मशिनं नाहीत. तपासणीची फी आणि लसीकरण, यावरच बरंचसं चालतं. आणि हो, आपल्या भागात कट घेणारे, गरज नसताना सलाईन लावणारे डॉक्टर आहेत. मी त्यांच्यावर लिहिलंय, पुढेही लिहीन. आजचा विषय तो नाही.

तिसरी गोष्ट रात्रीची. सरकारी निकषाप्रमाणे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चौघे हवेत. केंद्राचेच अहवाल काढून बघा, देशभरात या पातळीवर १०० बालरोगतज्ज्ञ लागत असतील तर ८० च्या आसपास कमी आहेत. आपल्या रुग्णालयातलं पद रिकामं आहे हे मी तीनदा छापलंय. खाजगीत गावात तिघे. त्यातले एक फक्त ओपीडी बघतात, दुसरे शनिवार-रविवार संभाजीनगरला असतात. राहिले हे. म्हणजे तालुक्यातलं रात्री आजारी पडणारं प्रत्येक मूल या एका माणसाच्या बेलवर अवलंबून. वीस वर्षं. बायकोच्या ऑपरेशनच्या रात्रीसुद्धा त्यांचा फोन वाजत होता. एका आईने बाळाच्या शीचा फोटो पाठवला होता, रंग बरोबर आहे का म्हणून.

एवढं सगळं असूनही त्यांनी बेल काढली नव्हती. ती आता का काढली, तिथे माझा भाग येतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आठ महिन्यांची मुलगी, जुलाब-उलट्या. गावाकडे तीन दिवस कुणाकुणाचे उपचार करून मग इथे आणली. आली तेव्हा डोळे आत गेलेले, टाळू खोल, हात-पाय गार. चाळीस मिनिटांत गेली. नातेवाइकांनी काचा फोडल्या, कंपाउंडरला मारलं. मला फोन आला, मी दाराशी जाऊन फोटो काढले, नातेवाइकांचं ऐकलं आणि रात्री ११ च्या आत बातमी पाठवली. "उपचारात हलगर्जीपणा? चिमुकलीचा मृत्यू". शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की बातमी सुरक्षित होते. हे आम्हाला डिप्लोमाच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं, नोकरीत शिकलो. बातमीत एक वाक्य होतं: "डॉक्टरांनी चक्क पायाच्या हाडात सुई खुपसल्याचा आरोप." ते वाक्य फार फिरलं.

डॉक्टरांना मी फोन केला नव्हता.

हाडातल्या सुईचं नंतर कळलं. मुलाच्या अंगातलं पाणी इतकं कमी झालं की शीर सापडत नाही तेव्हा नडगीच्या हाडात सुई घालून सलाईन देतात. पुस्तकात लिहिलेली, जीव वाचवायची पद्धत आहे ती. ती येणारा माणूस त्या रात्री गावात होता, हे खरं तर आपलं नशीब. जिल्ह्याच्या समितीचा अहवाल पाच महिन्यांनी आला. हलगर्जीपणा नाही, मूल आणलं तेव्हाच अत्यवस्थ होतं. अहवाल माझ्या टेबलावर आला होता. आता कोण वाचणार, म्हणून मी छापला नाही.

तो आज इथे लिहितोय. डॉक्टरांचा दोष नव्हता. माझी बातमी चूक होती. मी त्यांना तोंडावरही सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे भाऊ," आणि चहा मागवला. मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा घेण्याआधी दुसऱ्या, स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्या, उठसूट अटक करू नका. महाराष्ट्रात दवाखान्याची तोडफोड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा कायदा २०१० पासून आहे. पोलिसांना हे ठाऊक असतं, आम्हा पत्रकारांनाही. डॉक्टरांनी तेव्हा तक्रार दिली आणि आठ दिवसांत मागे घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, "गावात राहायचंय."

त्यानंतर त्यांच्यात जो बदल झाला तो बाहेरून दिसला नाही. त्यांच्या शब्दांत सांगतो: "आधी मी असं पोरगं घेऊन चार चार तास झुंजायचो. आता पहिल्या अर्ध्या तासात मनात येतं, इथे गेलं तर? आणि मी चिठ्ठी लिहितो, घाटीला न्या. लिहिताना मला माहीत असतं की त्यातली निम्मी मुलं मी इथे बरी केली असती." १०८ ची गाडी मिळायला वेळ, मग अडीच तासांचा रस्ता, त्यात तो घाट. मागच्या महिन्यात असंच पाठवलेलं एक बाळ रस्त्यात गेलं. कुणी काचा फोडल्या नाहीत, कुणी बातमी केली नाही, मलाही कळलं नाही. डॉक्टरांना कळलं. पाटी त्याच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. "रात्री मुलं घ्यायची आणि घाबरून पुढे ढकलायची, त्यापेक्षा घेऊच नये," असं त्यांना वाटलं.

मला हे पटत नाही. मी तसं त्यांना म्हणालोही. निदान बघणारा आणि चिठ्ठी लिहिणारा कुणीतरी होता, आता तोही नाही. पण "डॉक्टर, तुम्ही उघडा" एवढंच म्हणायचा अधिकार ना मला आहे ना ग्रुपवाल्यांना. एका माणसाच्या झोपेवर तालुक्याची रात्र काढायची सोय आपण वीस वर्षं केली, ती संपली.

करता येण्यासारखं एक आहे. ग्रामीण रुग्णालयात खाटा आहेत, ऑक्सिजन आहे, रात्री नर्स असते. तिन्ही खाजगी बालरोगतज्ज्ञांनी आळीपाळीने रात्र घ्यावी, तिथेच, सरकारी इमारतीत. म्हणजे प्रत्येकाला तीन रात्रींमागे दोन रात्री झोप मिळेल, आणि काही वाईट घडलं तर माणूस एकटा नसेल. खाजगी तज्ज्ञाला मानधनावर बोलावण्याची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. स्त्रीरोग आणि भूल यांच्या डॉक्टरांसाठी ती वापरतात, मुलांसाठी का नाही? डॉक्टर तयार आहेत. संभाजीनगरला जाणारे डॉक्टर फोनवर म्हणाले, "शनिवार-रविवार सोडून काहीही द्या." तिसऱ्यांनी अजून फोन उचललेला नाही. पाहू.

डॉक्टरांची मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय घेणार विचारलं तर म्हणाली, "रेडिओलॉजी. पीडियाट्रिक्स मला आवडतं, पण मी आमच्या घरात राहिलेय."

रुग्ण कल्याण समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मागणीचं पत्र तयार आहे. माझ्या ऑफिसात, बसस्टँडसमोर, संध्याकाळी ६ ते ८ सह्या घेतोय. लहान लेकरं असलेल्यांनी आवर्जून या. आणि ज्या काकांनी ग्रुपवर "माज आला" लिहिलं त्यांना खास निमंत्रण. तुमच्या नातवाला दमा उसळला होता त्या पावसाळ्यात पहाटे ३ ला बेल कुणी वाजवली होती आणि दार कुणी उघडलं होतं, ते मला माहीत आहे. तुमची सही सगळ्यात वर घेऊ.