खालांची कायनेटिक होंडा

आमच्या कसबा पेठेतून जुना बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बुधवारी आणि रविवारी तिथे रस्त्याकडेला जे मांडलेले असते, त्यात आमचे लक्ष पुस्तकांकडे जाते. आमचा एक माजी विद्यार्थी मात्र उकिडवा बसून गंजक्या लोखंडात बोटे फिरवत असतो. उर्दूच्या तासाला हा मुलगा शेवटच्या बाकावर झोपायचा. आज नाना पेठेतल्या गॅरेजात कामाला आहे आणि यामाहा आरएक्स 100 चा मूळ कार्बोरेटर कोणता आणि मागून बसवलेला कोणता, हे हातात घेताच सांगतो. त्याला जुन्या जपानी गाड्या गोळा करण्याचा नाद आहे. चार गाड्या आहेत, त्यांतल्या दोन चालतात. त्याची अम्मी त्या चौघींना 'सवती' म्हणते.

जपानीच का, असे आम्ही त्याला विचारले होते. आमच्या पिढीला हे खरे तर विचारायला नको. आमच्या लहानपणी बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. मग 14 डिसेंबर 1983 ला सुझुकीच्या मदतीने बनलेल्या पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींनी एका ग्राहकाच्या हाती दिली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळे चित्र पालटले. इंड-सुझुकी आली, हिरो होंडाची सीडी 100 आली, आकुर्डीच्या बजाजने कावासाकीशी हात मिळवून केबी 100 काढली. 1985 ची आरएक्स 100 तर जेमतेम शंभर किलोची आणि ताकद 11 अश्वशक्तीची. गल्लीतली पोरे तिच्या आवाजावर जीव टाकत. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून यायचे आणि इथे जोडले जायचे. त्यामुळे एखाद्या भागावर जपानचा शिक्का दिसला की आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा ईदच्या चांदासारखा होतो. धुराचे नियम कडक झाले आणि 1996 मध्ये तिचे उत्पादन थांबले. तेव्हापासून तिचा भाव चढतोच आहे.

पण पुण्यातल्या बायकांना विचाराल तर त्या कायनेटिक होंडाचे नाव घेतील. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी 1984 मध्ये एकत्र येऊन ही स्कूटर काढली. 98 सीसी, गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबले की सुरू. चेतक आडवी कलती करून किक मारायची आणि डाव्या मुठीने गिअर पिळायचे, हा सगळा पुरुषी व्याप एका बटणाने संपवला. पेट्रोल भरताना ऑइल मोजून ओतायचीही कटकट नाही, त्याची टाकी वेगळी. किती शिक्षिका, किती नर्सबाई या स्कूटरवर नोकरीला गेल्या, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तर गेल्या महिन्यात हा विद्यार्थी घरी आला. "सर, शेख सल्ला दर्ग्याच्या बाजूला एका वाड्यात कायनेटिक होंडा उभी आहे. पहिल्या मालकाची, हात न लागलेली. खाला तुम्हाला ओळखतात. नुसते सोबत चला." जिना उतरताना हळूच म्हणाला, "तिथे भावाचे काही बोलू नका."

खाला म्हणजे आमच्या अम्मीच्या ओळखीतल्या, निवृत्त शिक्षिका. जिन्याखाली गोणपाटाखाली स्कूटर होती. त्याने कापड बाजूला केले, खाली वाकला, चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, उमटलेला ठसा आरसी बुकाशी ताडून पाहिला. इंजिनाचा नंबरही जुळला. रंग मूळचा, मीटर मूळचा. सीटला एक टाका होता, तोही खालांनी स्वतः घातलेला. गाडी शोधणाऱ्याला याहून काय हवे? नंबर जुळत नसतील तर कितीही चकचकीत गाडी घेऊ नये, हे त्यानेच आम्हाला शिकवले आहे. चोरीचा माल असाच गळ्यात पडतो.

खाला म्हणाल्या, "भंगारवाला तीन हजार म्हणतोय. तू पाचशे जास्त दे आणि घेऊन जा, बेटा. जिना मोकळा होईल."

त्याने आमच्याकडे पाहिले नाही. आम्हीही गप्प राहिलो, आणि वाचकहो, ते गप्प राहणे आम्हाला आजही खटकते. तीसेक वर्षे ज्यांनी वर्गात पोरांना खरे बोलायला शिकवले, त्यांच्याच घरी चहा पीत आम्ही बसलो होतो. गावाकडून माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजाराबाहेरच गाठून सौदा करू नये, कारण त्याला बाजारातला भाव ठाऊक नसतो, ही हदीस लहानपणी मदरशात आपण सगळेच ऐकतो. फिक्हच्या किताबांत याला तलक्की-ए-रुकबान म्हणतात. तेव्हा आम्हाला उंट आणि खजूर डोळ्यांपुढे यायचे. कसब्यातल्या जिन्याखालची स्कूटर कधी आली नाही.

शेवटी आम्ही एवढेच विचारले, "आरसी कुणाच्या नावावर आहे?"

मरहूम मिस्टरांच्या. मग खरी गाठ दिसली. मालक वारला की गाडी आधी वारसाच्या नावावर चढवावी लागते, त्यासाठी आरटीओत फॉर्म 31 असतो. विक्रीचे 29 आणि 30 त्यानंतर. हे झाले सरकारचे. आणि आपल्या घरात? गाडी हाही तरकाच. मुले असतील तर बायकोचा हिस्सा आठवा, बाकीचा मुलामुलींचा. खालांना एक मुलगा आहे दुबईत, एक मुलगी मिरजेला. जिना मोकळा करायचा तरी तिघांची संमती हवी. शेती आणि घराच्या वाटणीत आपण हे बोलतो, भांडतोही. भांडी, शिलाईमशीन, स्कूटर यांचे मात्र कुणी विचारत नाही, आणि त्या बहुधा ज्याचा हात आधी पडेल त्याच्या होतात.

विद्यार्थी बराच वेळ पेन्सिल बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "खाला, तीन हजार लोखंडाचे आहेत. ही गाडी मी कुणाला विकली तर मला पंधराच्या खाली कुणी मागणार नाही." आणि त्याने उणेही सांगितले. कागदाची मुदत संपलेली. खासगी गाडीची पंधरा वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी, वर पर्यावरण कर. 'व्हिंटेज' म्हणून सवलत मागावी तर 2021 च्या केंद्राच्या नियमात व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली गाडी. या स्कूटरला अजून बराच अवकाश आहे. शिवाय तो वेगळा क्रमांक मिळाला, तरी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच काढायची.

खालांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाल्या, "पंधरा? आणि तू साडेतीनला घेणार होतास?"

"हो," तो म्हणाला. आमच्या वर्गात त्याने इतके स्पष्ट उत्तर कधी दिल्याचे आठवत नाही.

खालांनी तिथल्या तिथे मिरजेला फोन लावला. मुलीने आधी विचारले, अब्बांची कोणती गाडी? मग म्हणाली, अब्बांची कुठली, अम्मी, ती तर तुझी. नदीकाठच्या मोकळ्या जागेत मी त्यावरच शिकले, गुडघ्यावर अजून खूण आहे. मी सुटीत येते, तोवर कुणाला देऊ नकोस. दुबईच्या मुलाने रात्री निरोप पाठवला, आपा म्हणेल तसे.

सौदा झाला नाही. विद्यार्थी आठ दिवस आमच्याशी धड बोलला नाही. नंतर कळले, जुम्याची नमाज झाली की तो खालांच्या वाड्यात डोकावतो. त्याने कार्बोरेटर उघडून साफ केला, टाकीतले सडके पेट्रोल काढले. बॅटरी पार गेली आहे, त्यामुळे बटण दाबून काही होत नाही. किकवर मात्र सुरू होते, सातव्या-आठव्या किकला. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा जिना निळ्या धुराने भरला आणि वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या.

मिरजेची मुलगी मे महिन्यात येणार आहे.