सावली टिपायची तर विखुरलेल्या दुर्बिणी हव्यात

10 मार्च 1977 रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून सरकणार होता. तमिळनाडूतील कवलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी 102 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून त्या ताऱ्याचा प्रकाश मोजत होते. अपेक्षित वेळेच्या आधीच प्रकाश काही सेकंद घटला, तेव्हा हा युरेनसचा नवा उपग्रह असावा, असे त्यांनी ‘नेचर’मध्ये मांडले. हाती असलेल्या नोंदीवरून तो तर्क वावगा नव्हता. पण हिंदी महासागरावर उडणाऱ्या विमानातील दुर्बिणीतून जेम्स इलियट यांच्या चमूने ग्रहाच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची तशीच घट टिपली होती. दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या आणि उपग्रहाऐवजी युरेनसची वलये सापडली. आपल्याकडे दुर्बिणीची चर्चा आरशाच्या व्यासापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. सूर्यमालेच्या कडेवरील पिंडांच्या पिधानात, म्हणजे ते ताऱ्याला झाकतात तेव्हा, मात्र दुर्बीण केवढी, याहून दुर्बिणी किती ठिकाणी, याला अधिक मोल आहे.

याचे कारण भूमितीत आहे. तारा इतका दूर असतो, की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. त्यामुळे पिंडाची पृथ्वीवर पडणारी सावली त्या पिंडाएवढीच रुंद असते. ती सेकंदाला सुमारे वीस किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे 250 किलोमीटर व्यासाचा पिंड ताऱ्याला जेमतेम बारा सेकंद झाकतो. वेळेत सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली, तर मापात दोन किलोमीटरची चूक होते. एका ठिकाणाहून पिंडाची एकच जीवा, म्हणजे त्याच्या आकाराला छेदणारी एकच सरळ रेषा, मिळते. आकार कळायला अनेक समांतर जीवा लागतात. साडेसहा अब्ज किलोमीटरवरचा, जेमतेम 35 किलोमीटर लांबीचा ॲरोकॉथ हा पिंड हबल अवकाश दुर्बिणीलाही ठिपक्यासारखाच दिसे. 17 जुलै 2017 रोजी अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात त्याच्यासाठी 40 सेंटिमीटरच्या 24 दुर्बिणी मांडल्या गेल्या. वारा अडवायला ट्रक उभे केले, रस्त्यावरचे दिवे मालवले, महामार्गावरची वाहतूक थांबवली. तारा लपलेला दिसला तो फक्त पाच ठिकाणी. तेवढ्यावरून हा पिंड दोन गोळे चिकटल्यासारखा असावा, असे अनुमान निघाले आणि 1 जानेवारी 2019 रोजी न्यू होरायझन्स यानाने ते खरे ठरवले.

मग उरलेल्या दुर्बिणींचे श्रम पाण्यात गेले का? मुळीच नाही. तारा जिथे लपला नाही, तिथपर्यंत पिंड पोचत नाही, हेही मोजमापच आहे. पूर्वी ताऱ्यांची स्थाने पुरेशी अचूक नसल्याने सावलीची वाट चुकत असे. गाया यानाच्या तारकासूचीने ती अडचण पुष्कळ कमी केली. बाह्य सूर्यमालेतील पिंडांपैकी 2013 मध्ये चारिक्लोची, 2017 मध्ये हाउमेआची आणि 2023 मध्ये जाहीर झालेली क्वावारची वलये पिधानाच्या याच पद्धतीने सापडली. क्वावारचे वलय तर जिथे कणांचा उपग्रह बनायला हवा होता, इतक्या दूर आहे. मोठ्या दुर्बिणींची गरज यामुळे संपत नाही. जून 2020 मध्ये नैनितालजवळच्या देवस्थळहून 3.6 मीटरच्या दुर्बिणीने प्लूटोच्या विरळ वातावरणाचा दाब मोजायला मदत केली; अंधुक ताऱ्यासाठी मोठा आरसा लागतोच. पण देवस्थळ सावलीच्या वाटेत येईल तेव्हाच उपयोगी; लहान दुर्बीण गाडीत घालून त्या वाटेवर नेता येते.

महाराष्ट्रात अशा दुर्बिणींचे जाळे उभारायचे तर चार महिने पावसाळा आणि शहरांवर दिव्यांचा लखलखाट, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच एका जागी विसंबता येत नाही. सावल्या बहुधा पूर्व-पश्चिम धावतात, आणि नंदुरबार ते सिंधुदुर्ग उत्तर-दक्षिण अंतर सुमारे सहाशे किलोमीटर आहे. चारिक्लोच्या सुमारे 250 किलोमीटर व्यासाच्या दुपटीहून अधिक. हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर भरवसा काय, असे विचारणाऱ्यांना उत्तर असे, की इथे कस लागतो तो घड्याळाचा, आणि जीपीएसने वेळ कोरणारा कॅमेरा पदवी पाहत नाही. पुणे-मुंबईच्या खगोल मंडळांकडे माणसे आहेत, जिल्ह्यांत महाविद्यालये आहेत. विद्यापीठांनी एकसारखे कॅमेरे द्यावेत, अंदाज कळवणारा एक समन्वयक नेमावा आणि तारा न लपल्याच्या नोंदींनाही संशोधनाचे श्रेय द्यावे. शेवटची अट सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याविना पहिल्या दोन टिकणार नाहीत. रिकाम्या हाती परतलेल्या निरीक्षकाला मान नसेल, तर पुढच्या रात्री तो येणार कशाला?