तंदुरुस्तीचा दाखला कोणासाठी?

महाविद्यालयीन प्रवेशांचा हंगाम आला की जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांच्या जोडीने आणखी एका कागदाची शोधाशोध सुरू होते. तो कागद म्हणजे वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. इतर दाखल्यांवरून वाद होतात, निवेदने दिली जातात, मुदतवाढ मागितली जाते. या दाखल्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही, कारण तो मिळण्यास सहसा अडचण पडत नाही. विद्यार्थी छापील नमुना घेऊन जवळच्या दवाखान्यात जातो, डॉक्टर उंची आणि वजन विचारून घेतात, रक्तदाब पाहिला तर पाहतात, सही-शिक्का उमटतो आणि पालक पुढच्या रांगेकडे वळतात. अभ्यासक्रमास बाध आणील असे कोणतेही शारीरिक वा मानसिक व्यंग या विद्यार्थ्यात नाही, एवढे भारदस्त विधान त्या पाच मिनिटांत केले गेलेले असते.

यासाठी डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जो प्रश्न विचारला जातो त्याला उत्तरच नसते. तंदुरुस्त म्हणजे कशासाठी तंदुरुस्त? वाणिज्य शाखेच्या किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या छातीचे माप घेऊन नेमके काय सिद्ध व्हायचे असते, हे तो नमुना तयार करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. सैन्यभरतीच्या आणि सरकारी नोकरीच्या नियमांतून उचललेली ही कलमे शिक्षणाच्या दारात येऊन बसली आणि तेथेच राहिली, असे त्या भाषेवरून वाटते.

तथापि हा निव्वळ निरुपद्रवी सोपस्कार आहे, असे मानून गप्प बसता येत नाही. निरोगी विद्यार्थ्यापुरता तो सोपस्कार असतो. ज्याच्या शरीरात काही उणे आहे त्याच्यासाठी तोच कागद अडसर होतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील प्रकरण या दृष्टीने आठवण्याजोगे आहे. चित्रपट-संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी 2015 साली निवडयादीत आलेल्या एका उमेदवाराला वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा आढळला म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथे नेत्रतज्ज्ञ आणि चित्रपटक्षेत्रातील जाणकार यांच्या समितीचे मत घेण्यात आले आणि एप्रिल 2022 मध्ये न्यायालयाने संस्थेला ही अट सोडण्यास सांगितले. संकलकाला रंग किती आणि कसे दिसावे लागतात, हा प्रश्न संकलकांना विचारण्यासाठी इतकी वर्षे जावी लागली. तोवर एका माणसाची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

वैद्यकीय शिक्षणात तर याहून विलक्षण प्रकार घडला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे उच्च शिक्षणातील राखीव जागेचा लाभ घेण्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व असावे लागते. वाचा आणि भाषा यांच्या दिव्यांगत्वाबाबत मात्र वैद्यकीय शिक्षणाच्या नियमावलीत असे होते की 40 टक्क्यांच्या आत असेल तर राखीव जागा नाही आणि 40 टक्के किंवा अधिक असेल तर उमेदवार अभ्यासक्रमासच अपात्र. म्हणजे दार एका हाताने उघडायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने लावायचे! महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याने, ज्याचे दिव्यांगत्व 44-45 टक्के ठरले होते, याविरुद्ध दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील मंडळाकडून त्याची तपासणी करविली. मंडळाचा अभिप्राय, तो हा अभ्यासक्रम पुरा करू शकतो, असा आला. ऑक्टोबर 2024 मधील निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरविता येणार नाही; तो विद्यार्थी ते शिक्षण घेऊ शकतो की नाही, हे तपासणाऱ्या मंडळाने पाहून कारणांसह नोंदविले पाहिजे. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये ‘दोन्ही हात धडधाकट’ असण्याची अटही न्यायालयाने अमान्य केली.

या निकालांचा आशय असा की शरीराचा हिशेब मांडण्याआधी कामाचा हिशेब मांडावा. काही शिक्षणक्रमांत कडक तपासणी रास्तच आहे. जहाजावर अधिकारी होऊ पाहणाऱ्याला तांबडा आणि हिरवा दिवा वेगळा ओळखता आलाच पाहिजे. तेथे इतरांचे प्राण त्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतात. तेथील अट कशासाठी आहे हे कोणालाही सांगता येते. जी अट कशासाठी आहे हे सांगता येत नाही, ती कोणत्याही अभ्यासक्रमाच्या नमुन्यात राहू नये.

आता दुसरी बाजू. अठरा वर्षांच्या लक्षावधी मुलामुलींना आपण वर्षातून एकदा, सक्तीने, डॉक्टरांच्या दारापर्यंत नेतो आणि तेथून रिकाम्या हाताने परत पाठवितो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातील 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण 54 टक्के होते, आणि त्याआधीच्या फेरीत ते 48 होते. वर्गात झोप येणारी, जिना चढताना धापा टाकणारी मुलगी ‘तंदुरुस्त’ असा शिक्का घेऊन प्रवेश घेते, कारण बोटातून रक्ताचा एक थेंब घेण्याची तसदी कोणी घेतलेली नसते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेलचा प्रादुर्भाव आहे. त्याचे वाहक असलेल्यांना लग्नापूर्वी ते ठाऊक असणे किती मोलाचे आहे, हे तेथील कोणताही डॉक्टर सांगेल. केंद्राने जुलै 2023 मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी अभिप्रेत आहे. तिच्यासाठी महाविद्यालयाचा पहिला आठवडा हे आयते ठिकाण आहे. पण आरोग्य खाते आणि उच्च शिक्षण खाते यांची गाठ पडेल तर ना! शाळकरी मुलांसाठी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो अठराव्या वर्षी संपतो, आणि पुढचा रस्ता दाखल्याच्या दुकानाकडे जातो.

विद्यार्थ्यांच्या आरोग्याची वेगळी व्यवस्था आपल्या देशाला अपरिचित आहे, असेही नाही. कलकत्त्यात 1952 साली ‘स्टुडंट्स हेल्थ होम’ स्थापन झाले, ते विद्यार्थ्यांच्या अल्पशा वर्गणीच्या आधारावर. आपल्याकडे सहकाराचा एवढा अभिमान बाळगूनही विद्यार्थ्यांच्या आरोग्यासाठी त्या तोडीची संस्था उभी राहिली नाही, याचे कारण शोधण्यासारखे आहे.

करावयाचे ते फार मोठे नाही. प्रवेशाच्या कागदांतून हा दाखला काढून टाकावा आणि पहिल्या सत्रात जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या पथकाकडून महाविद्यालयातच तपासणी करावी. डोळे, कान, दात, रक्तदाब, हिमोग्लोबिन, आणि जेथे आवश्यक तेथे सिकलसेल. मात्र अहवाल विद्यार्थ्याच्या हाती जावा, कचेरीतील लिपिकाच्या फायलीत नव्हे. एचआयव्ही चाचणीची अट शिक्षणासाठी घालण्यास 2017 च्या कायद्याने मनाई केली आहे. तेच तत्त्व इतर आजारांनाही लागू करण्यास कोणाची हरकत असावी? अपस्मार असलेला विद्यार्थी आजार लपवितो, याचे कारण तो उघड केल्यास प्रवेश जाईल ही भीती असते. प्रवेश आधी पक्का झाला, तर वसतिगृहाच्या खोलीतील जोडीदाराला आणि अधीक्षकांना झटका आल्यावर काय करावे हे सांगून ठेवणे त्याला शक्य होईल.

मनुष्यबळाचा प्रश्न खरा आहे. सरकारी रुग्णालयांतील रिकाम्या जागा पाहता सर्व महाविद्यालये एकदम हाती घेणे झेपणार नाही. आदिवासी जिल्ह्यांतील महाविद्यालयांपासून आणि मुलींच्या वसतिगृहांपासून आरंभ केला तरी पुष्कळ झाले. दाखला रद्द करण्यासाठी मात्र मनुष्यबळ लागत नाही. एक परिपत्रक पुरते, आणि ते येत्या प्रवेशांपूर्वी निघू शकते.