आधी बादली, मग मेकॅनिक

वॉशिंग मशीनमध्ये पाणी हळू येऊ लागलं, की घरात पहिला आळ मशीनवरच येतो. ‘व्हॉल्व्ह गेला असेल’, ‘जुनं झालंय, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू’, इथपासून ‘या कंपनीचं घ्यायलाच नको होतं’ इथपर्यंत. मशीन बिचारं दोन अक्षरं लुकलुकवून आणि पिप-पिप करून ‘पाणी पोचत नाही’ एवढंच सांगत असतं. माझं म्हणणं असं, की ही तक्रार बहुतेक वेळा घरातल्या पाण्याची असते, आणि ती कुठली हे ठरवायला मेकॅनिक लागत नाही. १० लिटरची बादली आणि भिंतीवरचं घड्याळ पुरतं. मशीनचा प्लग काढायचा, नळ बंद करायचा, मशीनच्या मागची नळी सोडवून तिचं तोंड बादलीत धरायचं आणि नळ पूर्ण उघडायचा. बादली मिनिट-सव्वा मिनिटात भरली, तर नळ आणि नळी निर्दोष; पाणी अडतंय ते त्यापुढे. तीन-चार मिनिटं लागली, तर मशीनला हात लावायचं कारणच नाही. मग नळीही काढायची आणि नुसत्या नळाखाली तीच बादली धरायची. नळाखाली झपाट्याने भरली, तर नळी कुठेतरी मुडपलीय; बहुधा मशीन भिंतीला टेकवलेलं असतं तिथेच. नळाखालीही तीच रड असेल, तर आधी कॉक पूर्ण उघडतोय का ते बघावं आणि मग बाथरूमच्या नळाखाली बादली न्यावी. निम्मा रस्ता एका फटक्यात बाद करत जाण्याची ही रीत आहे, आणि प्रत्येक फेरीला फार तर पाच मिनिटं जातात.

बादलीवर एक रास्त आक्षेप घेता येतो. बादलीत कळतो तो प्रवाह, दाब नव्हे. उघड्या नळीतून पाणी बरं पडतं, पण मशीनचा व्हॉल्व्ह उघडायला दाब लागतो, आणि तो कमी असला तर बादली भरूनही मशीन उपाशी राहतं. तेव्हा आणखी एक करावं. नळ चालू ठेवून नळीचं तोंड हळूहळू वर न्यावं, हात पुरेल तितकं. पाणी ज्या उंचीवर थबकतं, तेवढाच त्याचा जोर. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार होतो, आणि मशीनच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब बहुधा ०.३ ते ०.५ बारच्या आसपास मागितलेला असतो. म्हणजे मशीनच्या नळापासून टाकीतल्या पाण्याची पातळी तीन ते पाच मीटर वर हवी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्याला ही चिंता नसते. सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र टाकी जेमतेम डोक्यावर असते. जास्त पैसे मोजून मोकळी हवा आणि डोंगराचा देखावा घेतलेल्यांच्याच वाट्याला नेमकी ही धार येते. ‘पण टाकी तर भरलेली आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. ५०० लिटरची टाकी असो की १० हजारांची, पातळी एकाच उंचीवर असेल तर दाब तेवढाच. टाकी मध्ये कोरडी पडली असेल, तर पाइपात हवा धरूनही धार मंदावते. तसं असेल तर सगळे नळ थोडा वेळ मोकळे सोडले की बहुधा काम होतं.

आता बादलीने मशीनकडे बोट दाखवलं असेल, तरी व्हॉल्व्ह बदलायची घाई नको. नळी जिथे मशीनला बसते, तिथल्या तोंडात बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी असते. पकडीने अलगद ओढली की बाहेर येते. तिच्यावर बारीक रेती, गंजाचे कण आणि तपकिरी साका बसलेला दिसतो. पुण्यात ‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ अशी बातमी सवयीची झाली आहे. बंदनंतर लाइन पुन्हा भरते तेव्हा तळाचा गाळ ढवळून येतो आणि तो या जाळीत अडकतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांत गाळाऐवजी क्षारांचा पांढरा थर चढतो. तो ब्रशने निघत नाही. जाळी तासभर व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात ठेवावी लागते. नळीच्या नळाकडच्या टोकालाही कधी कधी अशीच दुसरी जाळी असते, आणि ती हमखास विसरली जाते.

इथे पुष्कळ जण, त्यात काही मेकॅनिकसुद्धा, सोपा मार्ग सुचवतात: ‘जाळीच काढून टाका, पाणी भसाभस येईल.’ येईल, काही दिवस. पण आतला व्हॉल्व्ह म्हणजे नुसती विजेवरची तोटी नव्हे. विजेने उघडतं ते एक सुईएवढं छिद्र. त्यातून वरचा दाब निघून गेला, की मोठा रबरी पडदा पाणीच आपल्या जोराने उचलतं, आणि मिटतोही तो पाण्याच्याच दाबाने. या पडद्याखाली रेतीचा एक कण बसला, तरी तो नीट मिटत नाही. मग बंद मशीनमध्ये रात्रभर पाणी ठिबकतं आणि सकाळी ड्रममध्ये तळं दिसतं. दाब फारच कमी असला तरी हेच होऊ शकतं, म्हणून ‘हळू येतंय तर येऊ दे, भरेल सावकाश’ हा शहाणपणाही पुरा पडत नाही. शिवाय ठरावीक वेळात पाणी भरलं नाही, तर मशीन मध्येच थांबतं आणि कपडे साबणाच्या पाण्यात पडून राहतात.

जाळी स्वच्छ, धार मात्र उंचीमुळेच कमी, असं ठरलं की लोक पंपाकडे धावतात. पंपाला माझा विरोध नाही, जागेबद्दल आहे. टाकीनंतर, घरात येणाऱ्या पाइपावर छोटा प्रेशर पंप बसवणं वेगळं आणि महापालिकेच्या लाइनला थेट मोटर जोडणं वेगळं. दुसऱ्यात शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं, आणि पालिकेचं पथक आलं की मोटर उचलून नेतं. टाकीखालचा ओटा मीटरभर उंच करूनही दाब वाढतो, पण तो ०.१ बार एवढाच. त्यासाठी गवंडी बोलवायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. नवं मशीन घ्यायचंच असेल, तर अगदी कमी दाबावर पाणी घेणारी मॉडेल्स मिळतात. वरच्या मजल्यावाल्यांनी रंग आणि कार्यक्रमांची संख्या बघण्याआधी दुकानात ते विचारावं.

नळी परत बसवताना आतलं रबरी वॉशर जागेवर आहे ना, ते बघावं आणि आटे हातानेच आवळावेत. पान्याचा जोर लावला की प्लॅस्टिकचे आटे सरकतात. मग नळ हळूहळू उघडून, जोडाखाली कोरडं फडकं धरून, दोन मिनिटं थांबावं. फडकं कोरडं राहिलं तर प्लग लावावा.