नसलेल्या संताचे बेट

स्कॉटलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चुण्यांचा घागरा नेसलेला बॅगपाइपवाला उभा राहतो. आज मी आपल्याला नेणार आहे ते मात्र त्याच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात एकाकी उभ्या असलेल्या सेंट किल्डा बेटांवर. मौज अशी की, किल्डा नावाचा संत कधी झालाच नाही! जुन्या नकाशांतल्या घोटाळ्यातून हे नाव जन्मले असावे.

इथे झाड नाही, शेती जेमतेम. माणसे जगत ती समुद्रपक्ष्यांवर. पुरुष कमरेला दोर बांधून अनवाणी कडे उतरत आणि गॅनेट, फुलमार, पफिन पकडत. मांस पोटाला, तेल दिव्याला आणि पिसे मालकाच्या खंडाला! रोज सकाळी पुरुषांची बैठक भरे व दिवसाचे काम ठरे; पाहुणे तिला 'पार्लमेंट' म्हणत. पत्र धाडायचे तर ते पोकळ लाकडात घालून, मेंढीचे फुगवलेले मूत्राशय बांधून समुद्रात सोडायचे. ते पोचेही, कधी थेट नॉर्वेला!

पण हे कौतुक दुरून. एकोणिसाव्या शतकात कितीतरी तान्ही मुले धनुर्वाताने आठवड्याभरात जात. १८५२ साली ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले, त्यांतले पुष्कळ वाटेतच दगावले. पहिल्या महायुद्धानंतर तरुण मंडळीही बेट सोडू लागली. दोर धरायला हात उरेनात. अखेर बेटकऱ्यांनीच सरकारला अर्ज केला, आम्हांला येथून न्या.

२९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे बोटीत बसली. घरोघरी उघडे बायबल आणि ओटची लहानशी रास ठेवून त्यांनी दारे लावून घेतली. कुत्री नेता येईनात, ती बुडवावी लागली. आणि दैवाची थट्टा पाहा, झाडांशिवाय वाढलेल्या त्या पुरुषांपैकी पुष्कळांना नोकरी मिळाली ती जंगलखात्यात!

माणसांमागोमाग तेथला घरउंदीरही थोड्याच काळात नामशेष झाला. हा त्याचा प्रकार जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. रानउंदीर अजून आहे. त्याला माणसाच्या चुलीची गरज नव्हती, याला होती.

१९८६ साली ही बेटे जागतिक वारसा ठरली. त्या ३६ जणांतली शेवटची व्यक्ती २०१६ साली, ९३व्या वर्षी वारली. पक्षी आजही लाखोंनी येतात. पण परतायचे नाही हे ठाऊक असूनही रिकाम्या घरात धान्य ठेवून निघालेल्या त्या माणसांची आठवण, आपल्या उंबऱ्यावर पणती ठेवताना, मला हटकून होते.