पाच-एक म्हणजे १५५ नव्हे

‘मुलीची उंची किती हो?’ स्थळ घेऊन आलेल्या मंडळींचा हा ठरलेला प्रश्न, आणि उत्तरही ठरलेलं, ‘पाच-दोन’. दशमान मापांचा कायदा १९५६ चा. शेर गेला, किलो आला. वार गेला, मीटर आला. माणसाची उंची मात्र फुटातून हलली नाही. लग्नापुरतं ते चालून जातं. अर्धा इंच कमी पडला तर चपलेची टाच सांभाळून घेते!

पण मैत्रिणींनो, आता आमच्या धावड्यासारख्या गावांतल्या मुलीही पोलीस भरतीचे फॉर्म भरतात. २०२४ मध्ये राज्यात १७ हजारांवर जागांची भरती झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने आणखी सुमारे १५ हजार जागांना मंजुरी दिली. शिपाईपदासाठी मुलींना किमान १५५ सेंटिमीटर उंची लागते, तीही अनवाणी. आणि पाच फूट एक इंच म्हणजे १५४.९४. केसभर कमी!

खरा घोळ त्या टिंबाचा आहे. बायोडाटात आपण ‘५.१’ लिहितो. मुलगी मोबाईलवर ५.१ ला ३०.४८ ने गुणते, उत्तर येतं १५५.४. झाली खूश! पण फुटाचे इंच दहा नसतात, बारा असतात. पाच बारे साठ, वर एक, एकसष्ट, त्याला २.५४ ने गुणायचं. त्याहून सोपं म्हणजे भिंतीला टाचा टेकवून, डोक्यावर पाटी आडवी धरून थेट सेंटिमीटरच्या टेपने मोजायचं. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, कारण दिवसभरात उंची सेंटिमीटरभर उतरते. अकॅडमीची फी, शहरातली खोली, बूट यांवर बापाचे कापसाचे पैसे जाण्याआधी एवढं करायला काय हरकत आहे?

अठराव्या वर्षी उंची वाढवायच्या पावडरी आणतात, त्याचा मला राग येतो. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची जेमतेम काही सेंटिमीटरच वाढते. जे व्हायचं ते बरंचसं आधीच झालेलं असतं, आणि त्याची सुरुवात अंगणवाडीत दिसते. तिथे ताई सेंटिमीटरमध्येच मोजतात. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून, मोठं उभं करून. आपण मात्र ‘वजन किती भरलं?’ एवढंच विचारून घरी येतो. वजन चार दिवसांच्या तापानेही उतरतं. उंची कमी राहते ती बरेच महिने पोटाला पुरेसं न मिळाल्याने आणि वरचेवरच्या आजारपणाने. पाच वर्षांची मुलगी साधारण १०९ सेंटिमीटर असावी, १०० च्या आत असेल तर ती खुजी धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं अशी निघाली.

तेव्हा या महिन्यात ताईंना वजनाबरोबर उंचीचा आकडाही विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. मोठ्या मुलीची जूनमध्ये शाळा उघडली की चौकटीवर खूण करा, शेजारी सेंटिमीटर लिहा. दहा ते चौदा या वयात ती भराभर वाढते. नेमकं त्याच वयात आपण तिला भावाच्या मागून जेवायला बसवतो.