गर्भिणी आणि शेतांतील विष

राळेगावच्या काळ्या जमिनींत पऱ्हाटी कमरेइतकी वाढली म्हणजे फवारणीस प्रारंभ होतो. सन २०१७ च्या पावसाळ्यांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत या विषानें वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, तें वर्तमान देशभर गेलें. त्याच शेतांत निंदणास वाकणाऱ्या आणि घरीं विषानें भिजलेले कपडे धुणाऱ्या स्त्रियांकडे मात्र फारसें लक्ष गेलें नाहीं. त्यांत गर्भिणीही असतात.

गर्भकाळीं वारेंतून निघणाऱ्या रसांमुळें इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन निर्माण करून ही उणीव भरून काढतें. तें न साधल्यास रक्तांतील साखर वाढते. मूल अतिस्थूल होतें, प्रसूति अवघड होते, आणि पुढें मातेस कायमचा मधुमेह जडण्याचें भय राहतें.

अमेरिकेंतील आयोवा व नॉर्थ कॅरोलायना या प्रांतांतील शेतकरी कुटुंबांच्या अकरा हजारांवर स्त्रियांची पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांचा शेतींतील कीटकनाशकांशीं प्रत्यक्ष संबंध आला, त्यांच्यांत हा विकार सुमारें दुप्पट आढळला. केवळ घरगुती वापर करणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाहीं. साहचर्य म्हणजे कारण नव्हे, हें न्यायशास्त्र चाळलेल्यास सांगावयास नको. परंतु २०१७ सालींच मदुराईच्या संशोधकांनीं उंदरांवर दाखविलें कीं, आंतड्यांतील जंतु मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाचें विघटन करतात, त्यांतून निघणाऱ्या अम्लापासून यकृत साखर बनवितें. धूर दिसल्यावर अग्नीचा शोध करणेंच शहाणपणाचें.

चरकानें गर्भिणीस तेलानें काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणें जपावयास सांगितलें आहे. आपण तिला दोन जिवांची म्हणून डिंकाचे लाडू चारतों (तेही साखर वाढलेलीस बेतानेंच द्यावे) आणि औषधाचा डबा माजघराच्या कोनाड्यांत ठेवतों! तो डबा बाहेर कुलुपांत असावा. रिकामा झाल्यावर पाण्यास वा धान्यास कदापि घेऊं नये. फवारणीचे कपडे गर्भिणीनें धुवूं नयेत, ज्यानें फवारलें त्यानेंच वेगळे धुवावेत. सरकारी दवाखान्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीं रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास उपचार सुरू होतात. ही तपासणी पहिल्या भेटींत, आणि ती निर्दोष निघाल्यास पुनः चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यांत व्हावयास हवी.

घरच्या सुनेस आपण तेथें नेतोंच. पण आपल्याच शेतांत निंदणारी, पांचव्या महिन्याची मजूरस्त्री त्या दिवशींच्या रोजास मुकेल म्हणून जात नाहीं. तो रोज जमीनमालकानें भरून द्यावा, आणि फवारलेल्या वावरांत तिला धाडूं नये.